अकरा वीसची नोंद

या सदरात लिहिणारा जो तो 'माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता' इथूनच सुरुवात करतो, आणि ते वाचून मी कायम मनात म्हणायचे — हो का, मग आता कसा बसला? आज तेच वाक्य मला लिहायचंय आणि त्याहून बरं दुसरं सापडत नाहीये. तर... माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. जे घडलं ते सांगते, पुढचं तुम्ही ठरवा.

मी नर्स आहे. नोकरीला अठरा वर्षं झाली, त्यातली अकरा मानसोपचार विभागात, बायकांच्या वॉर्डात. बीड जिल्ह्यातला सरकारी दवाखाना आहे एवढंच सांगते. नाव लिहिलं तर मेमो येईल आणि त्याला उत्तर देत बसण्याइतका जीव आता माझ्यात राहिलेला नाही. पेशंटचं आणि तिच्या भावाचं नाव बदललंय.

माहेर सिरसाळ्याचं. आमचं घर बौद्ध. वडिलांनी देवऋषी, उतारा, गंडादोरा यांतलं काहीही कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. लहानपणी मला ताप आला आणि शेजारणीनं लिंबू-मिरची ओवाळायला आणली, तर वडिलांनी तिच्यासमोर ते लिंबू कापून सरबत केलं आणि तिलाच प्यायला दिलं. अशा घरात वाढलेली मी. वडील गेल्यावर आई त्याच घरात एकटी राहायची. माझ्याकडे चल म्हटलं की म्हणायची, तुझ्या क्वार्टरमध्ये मला कोंडल्यासारखं होतं. दवाखान्यापासून सिरसाळा तासाभराच्या अंतरावर आहे. दर रविवारी मी जायचे.

आता कामाबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आवाज ऐकू येणारी माणसं माझ्या रोजच्या कामातली. कुणाला पोलीस शिव्या देतात, कुणाला मेलेली सासू हाका मारते. एक आजी होत्या, त्यांच्या कानात दिवसभर भजनी मंडळ चालायचं, आणि त्यांची तक्रार एवढीच की पेटीवाला बेसूर आहे. या सगळ्यांसाठी आमचा एक नियम असतो. आवाज खोटा आहे म्हणून पेशंटशी भांडायचं नाही आणि खरा आहे म्हणून मानही डोलवायची नाही. तुम्हाला ऐकू येतंय हे मला कळतंय, मला मात्र येत नाही, एवढंच म्हणायचं. आणि पेशंट जे बोलला ते त्याच्याच शब्दांत, वेळ टाकून, नोंदीत लिहायचं. बाकी सगळं आम्ही मोडक्यातोडक्या इंग्रजीत खरडतो, पण पेशंटचे शब्द मराठीत आणि अवतरणात. डॉक्टरांना त्यावरून आजाराचा अंदाज येतो. ही सवय नसती तर त्या दिवशी काय झालं ते मी केव्हाच विसरले असते, आणि बरं झालं असतं.

सुमन ही युसूफवडगाव या गावाच्या बाजूची. अडतीस वर्षांची, नवऱ्यानं टाकलेली, भावाकडे राहायची. भावाला दत्ता म्हणू. नऊ वर्षांपासून तिच्या डाव्या कानात एक बाई बोलायची. कोण, कुठली, काही नाव नाही, सुमन तिला नुसतं 'ती' म्हणायची. 'ती'चं म्हणणं बहुतेक एकच असायचं, अन्नात विष घातलंय, खाऊ नको. गोळ्या चालू असल्या की 'ती' दबायची. पण कुणीतरी दत्ताला सांगितलं की हे देवीचं आहे, गोळ्यांनी देवी कोपते. गोळ्या बंद झाल्या. दत्तानं तिला आमच्याकडे आणलं तेव्हा तिचं वजन एकतीस किलो होतं आणि ओठ इतके सुकलेले की बोलताना चिरायचे.

पहिल्या दिवशी इंजेक्शन भरताना तिनं विचारलं, दुखंल का? मी म्हटलं, दुखेल. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला आजवर सगळ्यांनी न्हाई दुखत म्हणूनच टोचलं होतं. दुसऱ्या दिवशी विचारलं, दत्ता येणार का? वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, येतोय संध्याकाळी. मी म्हटलं, त्याचा फोन बंद आहे, येईलसं वाटत नाही. तो नाही आला. तेव्हापासून ती गोळी फक्त माझ्या हातून घ्यायची. दुसऱ्या सिस्टरांना राग यायचा, म्हणायच्या, तुमचीच लाडकी. लाडकी वगैरे काही नाही हो. खोटं बोललं की ते लक्षात ठेवावं लागतं, तेवढी ताकद माझ्यात नसते, म्हणून मी खरं बोलते.

सुरुवातीला ती केळी आणि उकडलेली अंडी एवढंच खायची. केळ्याला साल असते, अंड्याला टरफल, आत कुणी काही घालू शकत नाही. दोन महिन्यांत आम्ही केळ्यावरून भाकरीवर आलो आणि भाकरीवरून वरणावर. ज्या दिवशी तिनं वरणाची वाटी पुसून खाल्ली त्या दिवशी मी नवऱ्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, बरं मग? जाऊ द्या.

तो मंगळवार होता. सकाळची ड्युटी, जोडीची सिस्टर रजेवर, वॉर्ड भरलेला. नातेवाइकांनी पेशंटजवळ राहायचं असा आमच्याकडे नियम आहे, त्यामुळे पेशंट कमी आणि भांडणारे नातेवाईक जास्त; सुमनजवळ मात्र कुणी नसायचं. सुमन माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली,

"सिस्टर, पुढच्या दाराला आतून कडी हाय म्हणती. मागच्या दारानं जा म्हणती."

कुणाचं दार, म्हणून मी विचारलं. ते 'ती' सांगत नव्हती. मी नेहमीचं वाक्य म्हटलं, तिला कॉटवर पाठवलं आणि लिहिलं. अकरा वाजून वीस मिनिटं.

अकरा पन्नासला परत आली. आता म्हणाली, आईला तहान लागलीय, तुमी गेल्या न्हाई आजून? सुमनची आई वारून सहा वर्षं झाली होती आणि ती आईची आठवण अधूनमधून काढायची. मी समजले, तेच चाललंय. लिहिलं.

साडेबाराला तिनं माझी बाही धरली. सोडेचना. जा, जा, लवकर जा, एवढंच. दुपारच्या गोळ्या वाटायच्या राहिलेल्या, एका पेशंटची सासू माझ्या डोक्यावर उभी राहून डिस्चार्ज मागत होती... आणि मी ओरडले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मी कुठंही जाणार नाही सुमन, जागेवर जाऊन बस, असं. तिनं बाही सोडली. डॉक्टर वॉर्डातच होते, त्यांनी नोंद वाचून एक जादा डोस लिहिला. तो मीच दिला. नोंदीच्या पानावर एका पेशंटची लघवी तपासणी, तीन नंबरचं सलाईन, आणि मध्ये या डोसची ओळ. सगळं एकाच अक्षरात आहे.

एक वाजून दहा मिनिटांनी मी तिच्या कॉटजवळून चालले होते. ती भिंतीला टेकून बसली होती. डोळे जड झालेले. म्हणाली, "आता ऱ्हाऊ द्या. लोक आले."

तेही मी लिहिलं.

एक पंचविसला फोन वाजला. सिरसाळ्याच्या शेजारीण शकीलाभाभी. आई न्हाणीच्या तोंडाशी पडली होती, उठता येत नव्हतं, जीप बघितलीय, तुमच्याच दवाखान्यात आणतोय, तुम्ही थेट अपघात विभागात या.

खरं सांगते, त्या वेळी माझ्या डोक्यात सुमन नव्हतीच. आईचा खुबा मोडला होता. ॲडमिशन, एक्सरे, रक्ताच्या पिशव्या, कोणत्या सर्जनला विनंती करायची... नर्सची आई आजारी पडली की नर्सला दुहेरी काम असतं. संध्याकाळी शकीलाभाभी बाकावर माझ्या शेजारी बसून चौथ्यांदा तेच सांगत होत्या. चाळण परत द्यायला गेलते, हाका मारल्या, पुढचं दार आतून बंद, मग बोळातून मागं गेले, मागचं दार ढकललं तर उघडलं. जोहरची, दुपारची अजान व्हायची होती अजून. अम्मा म्हणे अकराच्या आधीच पडलेली. मी हो हो म्हणत होते. मग एकदम माझं हो म्हणणं थांबलं.

तरी मी स्वतःला समजावलं. म्हाताऱ्या बायका दाराला कडी लावतातच. मी आईला वॉर्डातूनच फोन करायचे, कडी लावू नकोस म्हणून रागवायचे, ते सुमननं ऐकलं असणार. पेशंट दिवसभरात शंभर गोष्टी बोलतात, त्यातली एक लागते आणि तीच लक्षात राहते. हेच मी अकरा वर्षं नातेवाइकांना सांगत आलेय. वाक्य तयार होतं, फक्त या वेळी ते मलाच सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशनच्या आधी मी आईचे केस विंचरत होते. आई शुद्धीत होती, नीट बोलत होती. मी म्हटलं, आई, दोन-अडीच तास एकटी पडून होतीस, लई भ्यालीस का गं?

आई म्हणाली, "एकटी कुठं. कोण तरी बाई बोलायलती की कानाशी. म्हणली, निरोप दिलाय." मग अगदी साधेपणानं, "तुमची लेक ऐकंना म्हणली."

कोणत्या कानाशी, मी विचारलं. आईनं डावा कान दाखवला.

आता मीच यावरही उत्तर देऊ शकते. आई उजव्या अंगावर पडली होती, उजवा कान फरशीला, मग डाव्याच कानानं ऐकू येणार. वय शहात्तर, तहान, वेदना, अशा वेळी माणसाला भास होतात. आणि लेक आली नाही म्हणून आईच्या मनात जे असेल ते तिला बाहेरून ऐकू आलं असेल. सगळं बरोबर आहे. पण सुमनच्या त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल मी तोवर कुणालाही, नवऱ्यालाही, एक शब्द सांगितला नव्हता.

ऑपरेशन चांगलं झालं. नवव्या दिवशी सकाळी आईला धाप लागली आणि वीस मिनिटांत सगळं आटोपलं. पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली. या वयात होतं, डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, तेवढा वेळ पडून राहिल्यानं? ते म्हणाले, सांगता येत नाही. ते माझ्याशी चांगलं वागत होते हे मला कळत होतं, मी पण नातेवाइकांशी असंच बोलते.

माझ्या खिशात फोन होता. मला कुठं जायचं नव्हतं, नुसतं बटण दाबायचं होतं. लॅबमधल्या पोरीनं म्हटलं असतं की सिस्टर, मला उगाच वाटतंय, आईला एकदा फोन करा, तर मी हसत हसत केला असता. सुमन म्हणाली म्हणून नाही केला. वेड्या माणसाच्या बोलण्यावर चालायचं नाही ही माझी विद्या, आणि त्या दिवशी ती विद्या मी तीन वेळा बरोबर वापरली.

आईचा जलदानविधी झाला आणि तीन दिवसांनी मी ड्युटीवर हजर झाले. रजा शिल्लक होती, पण घरात बसवेना.

वॉर्डात वेगळंच होऊन बसलं होतं. मावशींनी सगळीकडे सांगितलं होतं, सुमननं सिस्टरच्या आईचं आधीच सांगितलेलं. सुमनच्या कॉटखाली नारळ होते. इतर पेशंटचे नातेवाईक तिच्यापुढे बसून विचारत होते, आमची पोरगी कधी सुधारंल, सून नांदायला येईल का. कपाळावर कुणीतरी एवढं मोठं कुंकू लावलं होतं. आणि ती पुन्हा केळ्यांवर आली होती. मी नसताना तिनं एकाही सिस्टरच्या हातून गोळी गिळली नव्हती. गालात धरायची आणि नंतर उशीच्या अभ्र्यात टाकायची. त्यात सोळा गोळ्या सापडल्या. वजन पाच किलोनं उतरलं होतं.

दत्ताही आला होता. पहिल्यांदाच बोलावल्याशिवाय. तो माझ्याशी नजर मिळवून म्हणाला, मॅडम, तिला घरी न्यायचंय, आमी चुकलो, तिला आजारच न्हाई. त्याच्याबरोबर गावचे दोघे होते. तो वाईट माणूस नव्हता. नऊ वर्षं बहिणीला वेडी म्हणून ऐकून घेतलं, आता लोक तिच्या पाया पडत होते. त्याच्या जागी कुणालाही बरंच वाटलं असतं.

मी नारळ उचलायला लावले, कुंकू ओल्या कापसानं पुसलं. दुपारचं ताट आलं होतं. सुमननं ताटाकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं.

"सिस्टर, तुमी माझ्याशी खोटं बोलत न्हाई. तुमच्या आईचं खरं निघालं का न्हाई?"

दत्ता, ते दोघे, मावशी, सगळे जवळ सरकले.

मी म्हटलं, का विचारतेस?

"ते खरं असंल तर मग वरणाचं बी खरंच असंल की. मग मी कावून खाऊ?"

यात चूक काढून दाखवा. मला नाही काढता आली. एकाच तोंडातून आलेल्या दोन गोष्टी, एक खरी निघाली, मग दुसरी का नाही? हो म्हणावं तर ही पोरगी दत्ताच्या ओसरीवर देवी होऊन बसणार आणि उपाशी मरणार, महिना लागेल नाहीतर दीड. नाही म्हणावं तर... नाही म्हणणं म्हणजे काय, हे जिची आई नुकतीच गेलीय तिलाच कळेल. आईला मातीत ठेवून मला तेरा दिवस पण झाले नव्हते.

मी तिच्या कॉटवर बसले. म्हटलं, "नाही सुमन. काही खरं निघालं नाही. आई माझी बरी आहे. पाय मुरगळला होता. घरीच आहे."

आवाज कापला नाही. अकरा वर्षांचा सराव कुठंतरी कामाला येतोच.

मावशींनी तोंड उघडलं होतं, माझ्याकडं बघून मिटलं. दत्तानं त्या दोघांकडे पाहिलं. सुमन मात्र माझ्याकडंच बघत होती, आणि मग तिची मान जराशी डावीकडं कलली, कुणाचं ऐकताना कलायची तशी. मग तिनं वाटी ओढली, भाकरीचा तुकडा वरणात बुडवला आणि खाल्ला. दुसरा खाल्ला. गोळीसाठी हात पुढं केला. गिळली, तोंड उघडून जीभ वर करून दाखवली.

दत्ता तिला न नेताच निघून गेला. सगळे पांगल्यावर मी ताट उचलायला वाकले तेव्हा ती माझ्या कानाशी हळूच बोलली, "ती म्हणायलीय, सिस्टर खोटं बोलायलीय. पण जेव म्हणती. पहिल्यांदा म्हणली, जेव."

मी ताट घेऊन भांडी धुवायच्या मोरीवर गेले आणि नळ सोडून तिथंच उभी राहिले. ती ओळ मी नोंदीत लिहिली नाही. नोकरीतली ही एकच.

सुमन दीड महिन्यानं घरी गेली. दत्ता दर महिन्याला तिला ओपीडीत घेऊन येतो, गोळ्या स्वतः देतो. वजन एक्कावन्न. परवा आली तेव्हा मी नियमानं विचारायचं ते विचारलं, आवाज येतो का? म्हणाली, न्हाई, चार महिने झाले, एकदम बंद. मी शाबास म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. मग ती जाईपर्यंत तिच्या डाव्या कानाकडं बघत राहिले.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलंय. त्यांनी नोंदीचं पान दोनदा वाचलं, योगायोग म्हणाले आणि पान परत दिलं. नवरा म्हणतो विसर. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही आणि तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर सांगू नका, मला खूप जणांनी सांगून झालंय. मला एकच विचारायचं होतं. अकरा वीसला मी उठले असते तर आई राहिली असती का? हे जिला माहीत असावं अशी सुमनच्या कानातली 'ती' एकच होती, आणि तिला मी रोज सकाळ-संध्याकाळ, पाण्याच्या घोटाबरोबर, माझ्याच हातानं गप्प केलं.